टाके निघाल्यानंतर

न्हावा शेवा परिसराला जखमांची ओळख नवी नाही. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात पोलीस गोळीबाराने पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि शेती, मिठागरे व मासेमारीवर जगणाऱ्या घरांतील तरुण कंटेनर-ट्रेलरच्या कामाकडे वळले. कामावर वा रस्त्यावर अपघात झाला की जखमी एक जण होतो; दुखावते मात्र सारे घर.

शरीराच्या जखमेचा क्रम ठरलेला असतो. काही मिनिटांत रक्त गोठते, पुढील काही दिवस सूज राहते, सुमारे तीन आठवड्यांत नवी ऊती तयार होते. व्रण मात्र वर्षभर व त्याहूनही अधिक काळ घट्ट होत राहतो. तरीही मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे त्याची ताकद जात नाही.

मनाच्या जखमेला असा क्रम नसतो. अपघातानंतर काही दिवस झोप न लागणे, दचकणे, चिडचिड होणे स्वाभाविक आहे. महिन्यानंतरही हे टिकले, तर तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. अंथरुणावरचा कर्ता पुरुष स्वतःला भार समजून अबोल होतो, पत्नी कर्जाची चिंता लपवते, मुले प्रश्न विचारणे सोडून देतात. प्रत्येक जण दुसऱ्याला जपण्यासाठी गप्प राहतो आणि घर आतून दुरावते.

वरून मिटलेल्या जखमेत पू राहिला, तर शल्यचिकित्सक ती उघडून तळापासून भरू देतात. कुटुंबाचेही तसेच आहे. मात्र रुग्णाला प्रसंग पुन्हा पुन्हा सांगण्याची सक्ती करू नये. मुलांना सोप्या शब्दांत खरे सांगावे. घरातील लहानसहान निर्णय रुग्णाच्या हाती परत द्यावेत. झोपेसाठी मद्याचा आधार घेऊ देऊ नये. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते.

धर्मादाय योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. परंतु खाट सुटते तेथे उपचार संपत नाहीत. रुग्ण घरी परतल्यानंतरच्या भेटी व कुटुंबाचे समुपदेशन यांना कोणत्याही खाटेच्या हिशेबात जागा नसते. दानशूर हितचिंतकांचे साहाय्य तेथेच सर्वाधिक मोलाचे ठरते, असे आम्ही नम्रपणे नमूद करतो.