गाडीतला नकाशा कोणत्या सालचा?

रबाळे एमआयडीसीतून माल भरून निघालेला टेम्पो असो वा पाहुण्यांना आणायला निघालेली मोटार, आजकाल रस्ता विचारायला कोणी काच खाली करीत नाही. समोरचा पडदा सांगेल तिकडे गाडी वळते. परंतु त्या पडद्यामागचा नकाशा कोणत्या सालचा, हे मालकाला ठाऊक नसते आणि पुष्कळदा यंत्र बसवून देणाऱ्या कारागिरालाही नसते.

उपग्रह काय सांगतो?

उपग्रह वरून रस्ते पाहून आपल्याला वाट दाखवतो, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. उपग्रहांच्या संदेशावरून यंत्राला एवढेच कळते की गाडी कोठे आहे. तेथे रस्ता आहे का, तो एकेरी आहे का, हे यंत्रात किंवा मेमरी कार्डावर साठवलेल्या नकाशावरून ठरते. संदेश क्षणोक्षणी ताजा असतो, नकाशा मात्र शिळा होतो.

आपल्याच भागाचे पाहा. ठाणे-बेलापूर मार्गावर घणसोली-तळवली उड्डाणपूल व महाप्याचा भुयारी मार्ग २०१८ साली सुरू झाले. शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी झाला. जुना नकाशा असलेली गाडी या सेतूवर चढली, तर पडद्यावरचा बाण समुद्रातून चालताना दिसेल!

दोन वेगळे आकडे

गिऱ्हाईक म्हणते, "अपडेट मारून द्या." येथेच घोटाळा होतो. सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी आणि नकाशाची वेगळी. सॉफ्टवेअर नवे केल्याने पडदा झटपट चालेल, पण एकही नवा रस्ता उमटणार नाही. सेटिंगमध्ये दोन्ही आकडे पाहावेत. नकाशाच्या आकड्यात बहुधा साल असते, कधी तिमाहीही असते. मात्र रस्त्यांची माहिती नकाशा बाहेर पडण्याच्या काही महिने आधी गोळा झालेली असते, हे विसरू नये.

मोबाइलवरचा नकाशा इंटरनेटवरून ताजा होत राहतो. पण तोच आधी उतरवून ठेवून वापरला, तर तोही जुना होतो.

कारागिरांसाठी

नकाशा भरण्यापूर्वी गिऱ्हाईकाने जतन केलेले पत्ते उतरवून घ्यावेत. काम चालू असताना वीज तुटू देऊ नये. अर्धवट भरणीने यंत्र बंद पडू शकते. अनेक गाड्यांचे कार्ड त्याच गाडीशी बांधलेले असते, त्याची नक्कल चालत नाही. चोरीच्या नकाशाच्या फाइलला नवे नाव देता येते, नवे रस्ते देता येत नाहीत. परीक्षा सोपी आहे: उलव्याहून शिवडीचा मार्ग विचारावा. सेतू दिसला नाही, तर 'लेटेस्ट' म्हणून पैसे घेऊ नयेत.

डोळे उघडे हवेत

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात मोबाइलच्या नकाशावर विसंबलेली मोटार रात्री धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली. दोघे वाचले, एक बुडाला. पूल नकाशावर होता, पण पाणी नव्हते. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला पुलावर जाण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेलेली मोटार खाडीत पडली. चालक महिलेला सागरी पोलिसांनी वाचवले.

तेव्हा नकाशा वेळच्या वेळी नवा करावा, आणि रात्री अनोळखी रस्त्यावर शंका आली तर गाडी थांबवून काच खाली करावी. आज रस्ता चालू आहे की बंद, हे तिथल्या टपरीवाल्याइतके कोणत्याही आवृत्तीला ठाऊक नसते.