पोटात पाणी का साचतं? जठराच्या ऑपरेशननंतरचा जलोदर

आमच्या जुन्नर-आंबेगावकडे ‘पोटात पाणी झालंय’ म्हटलं की घरातले सगळे गप्प होतात. हाच जलोदर. सिरोसिस असलेल्या पेशंटचं जठराच्या कॅन्सरसाठी ऑपरेशन झालं, की तो उद्भवू किंवा वाढू शकतो. का, ते बघू.

डिंभे धरणाचा कालवा डोळ्यांसमोर आणा. पुढे गेट अडलं तर मागे पातळी चढते आणि काठातून पाझर सुरू होतो. सिरोसिसमध्ये यकृत कडक होतं. आतड्यांकडून येणारं रक्त पोर्टल व्हेनमध्ये तुंबतं, दाब वाढतो. त्यात यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं, म्हणून रक्तवाहिनीची पाणी धरून ठेवायची ताकद घटते. शिवाय किडनी मीठ-पाणी राखून ठेवते.

ऑपरेशन यात भर घालतं. कॅन्सरसाठी जठराभोवतीच्या लसिका ग्रंथी काढाव्या लागतात. त्याबरोबर, पाझरलेलं पाणी गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या बारीक लसिकावाहिन्याही तुटतात. म्हणजे पाझर चालू आणि निचऱ्याचा चरच बुजला! ड्रेनमधून रोज पाणी जातं, सोबत प्रोटीनही जातं. संसर्ग झाला तर जिवावर बेततं.

आता संशोधनाचा भाग. धोका मोजायला बहुतेक जण चाइल्ड-प्यू स्कोर वापरतात: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्रोथ्रॉम्बिन टाइम, जलोदर आणि मेंदूवरचा परिणाम. प्रत्येकी १ ते ३ गुण, बेरीज ५ ते १५. चाइल्ड आणि टरकॉट यांनी १९६४ मध्ये मूळ वर्गवारी दिली, ती पोर्टल दाब कमी करणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी. प्यू आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ती सुधारली, ती अन्ननलिकेच्या ऑपरेशनच्या संदर्भात. जठराचा इथे संबंधच नव्हता. आणि नीट बघा: जलोदर हा स्कोरचाच एक घटक आहे. मग ‘स्कोर जास्त, म्हणून नंतर जलोदर’ या वाक्यात आधीचंच पाणी पुन्हा मोजलं जात नाही ना? पाचही घटक वेगवेगळे तपासा.

दुसरा खड्डा फॉलो-अपचा. ड्रेन काढून पेशंट ओतूरला किंवा घोडेगावला घरी गेला. आठवड्याने पोट फुगलं, पण पुण्याला परत यायला एस.टी.चं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. तो आलाच नाही, तर आपल्या एक्सेल शीटमध्ये तो ‘गुंतागुंत नाही’ म्हणून बसतो!

म्हणून प्रोटोकॉल लिहितानाच ठरवा: जलोदर कशाला म्हणायचं, किती दिवसांपर्यंत मोजायचं, आणि घरी गेलेल्याचं वजन फोनवर कोण विचारणार. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे.