यंत्राचा चहा आणि यंत्राची घासपूस

न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेस आरंभ झाला आणि पुढे महाराष्ट्रातील गावोगावी तिचे अनुकरण झाले. अशा व्यासपीठावर इतिहास, संतवाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभून दिसतात. चहाच्या यंत्राची घासपूस हा विषय जाहीर झाला तेव्हा काही श्रोत्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते आम्ही पाहिले. त्यांस आम्ही दोष देत नाही. परंतु जी वस्तू दिवसातून दोनतीनदा आपल्या पोटात जाते, ती कोणत्या भांड्यातून येते याचा विचार करणे हे काही हलके काम नव्हे.

सोलापूर हे कष्टाचे गाव, आणि जेथे कष्ट तेथे चहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. त्यांचे भोंगे आता थांबले असले तरी चादरी आणि टॉवेल विणणारे माग चालूच आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर गेला तरी मागावरच्या माणसाचा चहा चुकत नाही. पूर्वी हा चहा टपरीवरून किटलीतून येई. आता कचेऱ्यांत, रुग्णालयांच्या आवारात आणि कारखान्यांत कळ दाबली की चहा, कॉफी किंवा सूप देणारी यंत्रे आली आहेत.

टपरी आणि यंत्र यांत एक मोठा फरक आहे. टपरीवर सगळे उघड्यावर असते. पातेले काळे आहे की घासलेले, गाळणे कसले आहे, कप कशात विसळला, हे गिऱ्हाईक उभ्या उभ्या पाहते आणि न पटल्यास पुढच्या टपरीवर जाते. यंत्राने मात्र चहा आणि पिणारा यांच्यामध्ये एक चकचकीत दार लावून घेतले आहे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा पहारा उठला. तो उठला म्हणून त्याची जागा कशाने तरी भरून काढली पाहिजे. ती जागा यंत्राच्या रचनेने भरून काढावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पाण्याचे यंत्र आणि दुधाचे यंत्र

नाणे टाकून वस्तू मिळवण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने असे यंत्र वर्णिले आहे. नाणे एका तरफेवर पडे, त्याच्या वजनाने झडप उघडे, देवळातले पवित्र पाणी वाहू लागे आणि नाणे घसरून पडले की झडप बंद होई. आपल्याकडे एकेकाळी रेल्वेच्या फलाटावर वजनाची यंत्रे असत. नाणे टाकले की वजन छापलेले तिकीट हाती येई. या यंत्रांना पुसण्यापलीकडे फारशी निगा लागत नसे. पाणी आणि पुठ्ठा काही आंबत नाहीत.

यंत्रात दूध शिरले आणि प्रश्न पालटला. दूध शिरले ते भुकटीच्या रूपाने. १९३८ साली स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीने पाण्यात विरघळणारी कॉफी बाजारात आणली. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. ते गुजरातेतील आणंद येथे एच. एम. दलाया यांनी खोटे ठरवले आणि १९५५ साली तेथील भुकटीच्या कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. भुकटी महिनोन्‌महिने टिकते, कारण तिच्यात जंतूंना वाढण्यापुरते पाणी नसते. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. भुकटी कोरडी आहे तोवर ती निर्धोक. ती ओली होऊन तशीच राहिली की ते नासके दूध होय.

यंत्राच्या पोटात काय असते

दार उघडले की वरच्या बाजूस तीनचार डबे दिसतात. एकात दूध, साखर व चहाचा अर्क यांची तयार भुकटी, दुसऱ्यात कॉफीची, तिसऱ्यात सुपाची. प्रत्येक डब्याच्या तळाशी एक आडवे मळसूत्र असते. ते ठरावीक वेळ फिरले की ठरावीक भुकटी पुढच्या नळीतून खालच्या वाटीत पडते. त्याच वेळी बॉयलरमधून सुमारे नव्वद अंशांचे पाणी वाटीत सोडले जाते. वाटीखाली एक चिमुकली रवी असते. आपल्या घरची रवी दोरीने फिरे, ही विजेवर मिनिटाला हजारो फेरे घेते. घुसळलेला चहा रबरी नळीतून कपात उतरतो. सांडलेले थेंब कपाखालच्या जाळीतून ताटलीत जमतात.

या साध्या मांडणीत चार जागा खोडसाळ आहेत.

पहिली जागा भुकटीच्या नळीचे तोंड. खाली गरम पाणी पडले की वाफ वर येते आणि नेमकी त्या तोंडाशी जाते. दुधाच्या भुकटीतील साखर हवेतील ओलावा फार लवकर ओढून घेते. घरी हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे: चमचाभर दुधाची भुकटी उकळत्या पाण्याच्या वाफेवर क्षणभर धरा, तिचा चिकट गोळा झालेला दिसेल. यंत्रातही तोच गोळा तोंडाशी बसतो, वाळतो, पुन्हा ओला होतो.

दुसरी जागा रवीच्या दांड्याची. हा दांडा वाटीच्या पाठीतून आरपार मोटारीकडे जातो. तेथे रबराचे कडे बसवलेले असते. कडे झिजले की दूध पाठीमागे झिरपते, आणि पाठीमागे कोणाचे लक्ष नसते.

तिसरी जागा नळीची. ती लांब, वाकडी आणि अपारदर्शक असली तर आत काय साचले आहे ते कळत नाही. चौथी जागा कपाखालच्या ताटलीची. ती तर सर्व थेंबांचे माहेरघर.

एका रात्रीचा हिशेब

कोणी म्हणेल, पाणी नव्वद अंशांचे असते, मग जंतू कसे राहतील? वाटीत पाणी क्षणभरच असते, आणि वर सांगितलेल्या कोपऱ्यांत ते त्या तापमानाने पोहोचतच नाही. तेथे पोहोचते ती कोमट ओल. शिवाय दुधात व धान्यात सापडणारे बॅसिलस सिरियस नावाचे जंतू उष्णतेपासून बचाव करण्यासाठी बीजाणूंचे रूप घेतात. हे बीजाणू उकळण्यानेही सहसा मरत नाहीत, आणि कोमट ओलावा मिळताच त्यांतून पुन्हा जंतू निघतात. त्यांच्यापासून होणाऱ्या विषांपैकी उलट्या करविणारे विष तर पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. धट्ट्याकट्ट्या माणसाचे यात दोन दिवसांच्या पोटदुखीवर भागेल. पण रुग्णालयाच्या आवारात हाच पेला अशक्त रोग्याच्या हाती जातो, म्हातारीच्या हाती जातो, लहान मुलाच्या हाती जातो.

अनुकूल स्थितीत असे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात असे धरू. रात्री आठला कचेरी बंद झाली आणि सकाळी सहाला उघडली, तर दहा तासांत वीस वेळा दुप्पट. एकाचे दोन, दोनाचे चार असे करत गेल्यास एका जंतूचे १०,४८,५७६ होतात. प्रत्यक्षात अन्न संपते, ओल सुकते, म्हणून आकडा नेहमी एवढा होईलच असे नाही. परंतु संध्याकाळची घासपूस सकाळवर ढकलण्याचा अर्थ काय, तो या हिशेबावरून ध्यानात यावा.

राख आणि चिंच

१९५९ साली जर्मनीत हर्बर्ट सिनर या रसायनज्ञाने स्वच्छतेचे एक सुटसुटीत सूत्र मांडले. घाण निघते ती चार गोष्टींनी: रसायन, घर्षण, उष्णता आणि वेळ. यांपैकी एक कमी केली तर बाकीच्या वाढवाव्या लागतात. आमच्या घरातील स्त्रियांना हे सूत्र कोणी शिकवले नव्हते. त्या ते रोज अमलात आणीत. तुपातेलाच्या भांड्याला राख, तांब्यापितळेला चिंच. राख अल्कधर्मी असते, म्हणून ती स्निग्धांश सोडवते. चिंच आम्लधर्मी असते, म्हणून ती धातूवरचा डाग आणि पाण्याच्या क्षारांचा थर विरघळवते. दुग्धशाळेत आज हेच चालते: दुधाच्या थरासाठी अल्कधर्मी द्रव, क्षारांच्या थरासाठी आम्लधर्मी.

दुसरीही एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. दुधाच्या भांड्यात आधी थंड पाणी घालायचे, गरम नव्हे. कारण दुधातील प्रथिने उष्णतेने भांड्याला चिकटून बसतात. काही यंत्रे स्वतःच गरम पाणी सोडून वाटी विसळतात आणि विक्रेते त्यास ‘आपोआप सफाई’ म्हणतात. सिनरच्या सूत्राने तपासले तर त्यात उष्णता आहे, पण रसायन नाही, वेळ नाही आणि घर्षण नावापुरते. दिवसभरात दोन पेल्यांमध्ये ते ठीक आहे. संध्याकाळच्या घासण्याची जागा ते घेऊ शकत नाही.

हात पोहोचेल अशी रचना

मग यंत्र कसे असावे? आमच्या आजीच्या पिढीत भांडे घेताना बायका त्यात हात घालून पाहत. ज्यात हात जात नाही ते दुधाला घ्यायचे नाही, हा त्यांचा नियम होता. यंत्र बनवणाऱ्यानेही तो पाळावा.

वाटी, रवी, नळी आणि भुकटीच्या नळीचे तोंड हे सर्व भाग पाना किंवा पेचकस न वापरता, नुसत्या हाताने निघावेत. ते निघताना कमी असावेत आणि बसवताना चुकीचे बसूच नयेत. एखादा भाग उलटा बसत असेल तर तो कधीतरी उलटा बसणारच. आतले कोपरे काटकोनी नसावेत. १९८९ साली युरोपात स्थापन झालेला ‘युरोपियन हायजीनिक इंजिनिअरिंग अँड डिझाइन ग्रुप’ याच गोष्टींचा विचार करतो. कोपऱ्याची गोलाई शक्यतो सहा मिलिमीटर त्रिज्येची असावी, तीनच्या खाली जाऊ नये, असे ते सांगतात. कारण सरळ आहे: बोटाचे टोक आणि फडके गोल कोपऱ्यात शिरते, टोकदार कोपऱ्यात शिरत नाही. पृष्ठभाग इतका गुळगुळीत असावा की घाणीला धरायला जागा सापडू नये. सगळे उतार खाली असावेत, म्हणजे पाणी आपोआप वाहून जाईल आणि कोठे थबकणार नाही. नळी आखूड, सरळ आणि पारदर्शक असावी. वाफ ओढून बाहेर टाकणारा पंखा वाटीच्या जवळ असावा, आणि यंत्र थांबले असता भुकटीचे तोंड झाकले जावे. रवीच्या पाठीमागे झिरपलेले दूध मोटारीकडे न जाता समोर, दिसेल असे, गळावे. गळती लपवणारी रचना वाईट. गळती दाखवणारी चांगली.

हे केवळ आमचे मत नव्हे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११ साली जे नियम झाले, त्यांतही अन्नाला लागणारी उपकरणे न गंजणारी आणि सहज स्वच्छ करता येण्याजोगी असावीत असे म्हटले आहे.

सोलापूरकरांची वेगळी अडचण

या यंत्रांची कल्पना जेथे वाढली तेथे चोवीस तास नळाला पाणी असते आणि यंत्राखाली सांडपाण्याची नळी असते. आपल्याकडे पाणी पाळीने येते, आणि बऱ्याच ठिकाणी यंत्र वीस लिटरच्या जारवर चालते. वीस पेले पाणी ओतून विसळणे येथे परवडत नाही. म्हणून आपल्यासाठी सुट्या होणाऱ्या भागांचे यंत्र अधिक सोयीचे. चार भाग काढावेत, एका बादलीत भिजवावेत, ब्रशने घासावेत, थोड्या स्वच्छ पाण्याने धुऊन रात्रभर उपडे वाळत ठेवावेत. कोरडेपणासारखा जंतूंचा वैरी नाही, आणि कोरड्या हवेची आपल्या गावात वाण नाही.

दुसरे म्हणजे कूपनलिकेचे जड पाणी. बंबाच्या आत जो पांढरा थर बसतो तोच बॉयलरमध्येही बसतो. पाणी तापले की त्यातील कॅल्शियमचे क्षार दगडासारखे घट्ट होतात. त्या थराने वीज अधिक जळते आणि पाणी हवे तितके तापत नाही. लिंबातले आम्ल, म्हणजे सायट्रिक आम्ल, पाण्यात कालवून तो थर वेळोवेळी काढता येतो. मात्र त्यासाठी बॉयलर रिता करण्याची तोटी हाताशी हवी, यंत्राच्या पाठीमागे भिंतीला टेकलेली नको.

दोष कोणाचा

आमच्या ओळखीच्या एका कचेरीत अशा यंत्राच्या चहाला वास येऊ लागला. शिपायाला बोलावून सर्वांदेखत रागावण्यात आले. तो मुकाट्याने ऐकत राहिला. पुढे यंत्र उघडले तेव्हा दिसले की त्याचा हात जेथे पोहोचत होता तेथील प्रत्येक भाग लखलखीत होता. तपकिरी, घट्ट थर होता तो रवीच्या पाठीमागे. तेथे जायला पेचकस लागे आणि पेचकस असे महिन्यातून एकदा येणाऱ्या कारागिराकडे. रचना करणाऱ्याची चूक त्या शिपायाच्या माथी मारली गेली होती. त्याची क्षमा कोणी मागितल्याचे आम्हांस आठवत नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याने २५० हून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृहाची सोय करवून घेण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. कामगाराला चहा मिळावा ही काळजी त्या पिढीने घेतली. तो चहा ज्या यंत्रातून येतो ते घासणाराही कामगारच आहे, दिवसभर राबून संध्याकाळी घरी जायला निघालेला. ज्या यंत्राची सफाई दहा मिनिटांत होते ते रोज स्वच्छ होईल. ज्याला पाऊण तास लागतो ते आठवड्यातून एकदा होईल, मग भिंतीवर नियमांचा कितीही मोठा फलक लावा.

म्हणून संस्थेसाठी यंत्र घेणाऱ्यांना आमची एक विनंती आहे. तासाला किती पेले निघतात हे विचारण्यापूर्वी विक्रेत्याला सांगावे, ‘आमच्या शिपायाला हे उघडू द्या, सुटे करू द्या, घासून पुन्हा जोडू द्या.’ बाजूला घड्याळ घेऊन बसावे. पंधरा मिनिटांत काम झाले नाही, किंवा हत्यार मागावे लागले, तर ते यंत्र परत पाठवावे.

खंडेनवमीला आपण माग, चरक, आरी, वजनकाटा सगळे पुसून त्यांची पूजा करतो. चहाच्या यंत्रालाही त्या दिवशी झेंडूचे फूल वाहावे. पण वर्षातून एका पुसण्यावर माग चालेल, दूध चालणार नाही. यंत्राला रोज संध्याकाळी घासणारा हात लागतो, आणि त्या हाताला आत शिरता येईल एवढी वाट यंत्र बनवणाऱ्याने ठेवली पाहिजे.