दगडी कोळसा उसवतो कसा?

मेढ्याच्या बाजारात लोहाराच्या भात्याजवळ घटकाभर उभे राहून पाहा. लोणारी कोळसा मुकाट जळतो; दगडी कोळसा मात्र पेटताना आधी पिवळसर धूर ओकतो. हा धूर म्हणजे कोळशाच्या फुटलेल्या रेणूंचे तुकडे. आज सांगावयाचे आहे ते या फुटण्याविषयीच.

आपल्या जावळीत दगडी कोळसा नाही. इथे सारा लाव्हारसाचा काळा पाषाण. आपल्या राज्यात तो निघतो विदर्भात, चंद्रपूर, वणी, उमरेडकडे. त्याचा रेणू कसा असतो म्हणाल, तर घरच्या वाकळेसारखा. कार्बनच्या षट्कोनी कड्यांचे पुंजके ही वाकळेची ठिगळे. ती जोडणारे कार्बनचे आणि ऑक्सिजनचे छोटे पूल हे टाके. ठिगळे बळकट, टाके कच्चे. उष्णता साधारण ३५० ते ४५० अंश सेंटिग्रेडला गेली की टाके उसवू लागतात, ठिगळे शाबूत राहतात.

खरी गोष्ट पुढेच आहे. टाका तुटला की दोन्हीकडे एकेक मोकळे टोक उरते. रसायनशास्त्रात अशा तुकड्यांना मुक्त मूलक म्हणतात. ही टोके स्वस्थ बसत नाहीत. हायड्रोजन मिळाला नाही, तर ती एकमेकांतच गुंततात आणि पहिल्यापेक्षा घट्ट गाठ बसते. तोच कोक. म्हणजे नुसते तापवून कोळशाचे तेल थोडेच निघते. बाकीचा दगडाहून कठीण होऊन बसतो!

मग हायड्रोजन द्यावा कुणी? टेट्रालीन नावाचा तेलासारखा द्रव ते काम करतो. त्याचा एक रेणू हायड्रोजनचे चार अणू देतो. मोकळ्या टोकावर एकेक अणू बसला की तुकडा शांत होतो आणि द्रवात विरघळून राहतो. देऊन रिकामा झालेला टेट्रालीन म्हणजे नॅफ्थलीन. ज्याच्या डांबराच्या गोळ्या आपण ट्रंकेत ठेवीत आलो, तोच. त्याला पुन्हा हायड्रोजन दिला की टेट्रालीन परत तयार. असा हा हमाल. ओझे टाकून पुन्हा ओझे आणावयास जातो.

जर्मनीत बेर्गियुसने १९१३ साली प्रचंड दाबाखाली हायड्रोजन वापरून कोळशाचे तेल केले. १९३१ साली बॉशबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. टेट्रालीनसारख्या द्रवाची युक्ती पुढे पॉट आणि ब्रोशे यांनी काढली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांचे बहुतेक पेट्रोल कोळशाचेच होते.

आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा ८० हून अधिक बाहेरून येते, आणि कोळसा तर पायाखाली. मग अडते कुठे? शंभर भार तेलात हायड्रोजन बारा-चौदा भार, कोळशात जेमतेम पाच. उरलेला आणावा लागतो, आणि तो बहुधा कोळशावर वाफ सोडूनच करतात; त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर सुटतो. शिवाय आपल्या कोळशात राख फार, पुष्कळदा शेकडा तीसच्या वर. तिला हायड्रोजन देऊन उपयोग नाही. ती टाके उसवल्यावरही तशीच तळाशी बसते, आणि गाळून काढावी लागते.