रास्त भाव : काट्यापासून कोयत्यापर्यंत



परदेशांत साखरेच्या काही पुड्यांवर रास्त व्यापाराचा शिक्का असतो. अशी साखर घेणारे गिऱ्हाईक जाणूनबुजून चार पैसे जादा मोजते, आणि साध्या साखरेच्या टनामागे ६० डॉलर ऊस पिकविणाऱ्यांच्या संस्थेकडे वेगळे जमा होतात. बेलीझ, मॉरिशस, पॅराग्वे या देशांतील लहान शेतकऱ्यांना त्याचा हातभार लागला. परंतु २०१७ साली युरोपातील बीट-साखरेच्या उत्पादनावरची मर्यादा उठली, ती साखर मुबलक झाली, आणि शिक्क्याच्या साखरेची मागणी खाली आली. गिऱ्हाइकाच्या मर्जीवर उभा असलेला भाव असा डळमळतो.

आपला मार्ग निराळा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हा शेतकऱ्याने भाव मागत बसण्याऐवजी कारखानाच आपला केला. पुढे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आला. त्याखाली २००९ पासून रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपण म्हणतो ती एफआरपी, ठरते. ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे न दिल्यास सालिना १५ टक्के व्याज द्यावे, असेही त्यात आहे.

२०२५-२६ च्या हंगामासाठी हा दर १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये ठरला. उतारा दशांश एकने वाढला वा घटला की ३४ रुपये ६० पैशांचा फरक. साडेनऊच्या खाली उतारा गेला तरी ३,२९०.५० च्या खाली दर जात नाही. दर कारखान्याच्या दारात पोच उसाचा असल्याने तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. उतारा कारखान्याचा सरासरी धरतात, एकट्या शेताचा नव्हे. एकाने मोळीत वाढे नि पाचट घातले, किंवा तोडलेला ऊस दोन दिवस बांधावर वाळविला, तर त्याची झळ साऱ्यांच्या दराला बसते. बुडख्यात साखर जास्त; तोच भाग वीतभर जमिनीत ठेवून तोडणे म्हणजे तर आपल्या हाताने दर सोडणे होय!

दुसरीकडे, साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला, तेव्हा एफआरपी १० टक्के उताऱ्यास २,७५० होती. त्यानंतर उसाचा दर हंगामागून हंगाम चढत गेला, साखरेचा किमान दर मात्र वर्षानुवर्षे तेथेच राहिला. खाणाऱ्याला साखर स्वस्त हवी, पिकविणाऱ्याला दर हवा. मधल्या ओढाताणीत बिले लांबतात. इथेनॉलने थोडा श्वास मिळाला, इतकेच.

आता काट्याकडे येऊ. काटा चोख हवा, ही सभासदांची मागणी शंभर टक्के रास्त आहे. पण त्याच वजनावर तिघांचे पैसे निघतात : ऊसवाल्याचे, वाहतूकदाराचे आणि तोडणाऱ्याचे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल ते टनावर फेडतात. वजन कमी लागले की उचल फिटत नाही, आणि पुढल्या साली पुन्हा त्याच दारात उभे राहावे लागते.

हे लोक परके नव्हेत. माजलगाव-गेवराईच्या पाटपाण्यावर ऊस डोलतो, आणि धारूर, पाटोदा, शिरूर कासार, वडवणीच्या डोंगरपट्ट्यातून कोयते बाहेर पडतात. एकाच नात्यागोत्यात ऊसवालाही सापडतो नि तोडणाराही. आपला दर कायद्याने ठरतो; त्यांचा दर संप नि वाटाघाटी करून. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली ती अशीच. टोळी खुशाली मागते, ही तक्रार आम्ही रोज ऐकतो. पावतीवर नसलेल्या पैशाला आमचा विरोधच आहे. पण फडावर पिण्याचे पाणी नाही, आडोसा नाही, आणि तोड मात्र आजच्या आज हवी, हेही आम्ही रोज बघतो.

२०१९ मध्ये शासनाच्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. खाडा पडला की दंड बसतो, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. २०२४ मध्ये अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत हे छापून आले आणि शीतपेयांच्या बड्या कंपन्यांना साखर कोठली, कशी तोडली, असे प्रश्न होऊ लागले. उद्या हेच प्रश्न आपल्या गोदामापर्यंत येतील, तेव्हा उत्तर फडातूनच द्यावे लागेल.

तोड लागेल त्या दिवशी फडावर पाण्याची टाकी भरून ठेवा, बायकांसाठी पाचटाचा का होईना आडोसा करा. काटा-पावती आली की तिच्यावरचे वजन टोळीलाही वाचून दाखवा. आणि वजनाची शंका असेल तर भरलेली गाडी काट्यावर उभी असतानाच बोला. ऊस गव्हाणीत पडल्यावर फेरवजन होत नाही.

— ऊस विकास अधिकारी