पाण्याला जोर हवा

सोलापुरात नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरातल्या कामांचा दिवस. हौद भरायचा, मोटर लावून वरच्या टाकीत पाणी चढवायचं, पिण्याचं वेगळं भरून ठेवायचं आणि साठलेलं धुणं काढायचं. गेली कित्येक वर्षं शहराच्या बऱ्याच भागांत चार-पाच दिवसांआड पाणी सुटतं आणि घरोघरची कामं त्याच हिशेबाने चालतात. नेमकं अशा दिवशी मशीन लावावं, आतून नुसती घुरघुर ऐकू यावी आणि ड्रममध्ये पाणी पडूच नये, म्हणजे सगळ्या दिवसाचा खोळंबा होतो. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी हे हळूहळू सुरू झालं. आधी पाणी भरायला जास्त वेळ लागू लागला, मग मशीन मध्येच थांबून बीप देऊ लागलं. शेवटी उलटाच प्रकार झाला. रात्री बंद केलेल्या मशीनमध्ये सकाळी तळाला पाणी साचलेलं दिसलं.

मेकॅनिकला बोलावलं. अशोक चौकाकडचे अण्णा, बोलणं कमी आणि हात सावकाश. त्यांनी मशीन उघडायची घाई केली नाही. आधी म्हणाले, "वैनी, मशीनचा प्लग काढून ठेवा, पण नळाचा कॉक चालू ठेवा." झाकण उघडं ठेवून आम्ही ड्रममध्ये पाहत राहिलो. वीज नाही, तरी पावडरच्या कप्प्यातून थेंब गळत होते. "म्हणजे बोर्ड ठीक आहे. पाणी वॉलमधनंच सुटतंय." ही तपासणी कुणालाही घरी करता येते आणि ती फार कामाची आहे. प्लग काढल्यावर पाणी थांबत असेल, तर मशीनमध्ये पाणी सोडणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हला उघडण्याचा हुकूम देणाऱ्या बाजूचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा किंवा पाण्याची पातळी सांगणाऱ्या प्रेशर स्विचचा संशय घ्यायचा. वीज नसतानाही पाणी येत असेल, तर दोष इनलेट व्हॉल्व्हचाच. बोर्ड महाग असतो आणि व्हॉल्व्ह स्वस्त, त्यामुळे हा फरक आधी कळलेला बरा.

सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये हा व्हॉल्व्ह नसतो. तिथे नळाला पाईप लावायचा किंवा बादलीने पाणी ओतायचं आणि पुरेसं झालं की आपणच थांबायचं. पाणी मोजून वापरावं लागणाऱ्या घरांना ती मशीन अजून सोयीची वाटतात, ती यामुळेच. पूर्ण ऑटोमॅटिकमध्ये नळ सोडणारा हात गेला आणि त्या जागी विजेवर उघडणारा, मुठीत मावेल एवढा हा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह आला. अमेरिकेत १९३७ साली बेंडिक्स कंपनीने घरगुती ऑटोमॅटिक मशीन बाजारात आणलं, तेव्हापासून अशा यंत्रांनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. नळात केव्हाही पाणी असेल आणि त्याला जोर असेल. आपल्याकडे अडचण येते ती या गृहीताशी.

कॉक बंद करून, खाली बादली धरून अण्णांनी पाठीमागचा पाईप सोडवला. पाईपच्या तोंडाशी व्हॉल्व्हमध्ये बसवलेली बारीक जाळी पकडीने ओढून काढली. पांढरट क्षार, तांबूस गाळ आणि शेवाळासारखं काहीतरी यांचा थर तिच्यावर इतका घट्ट बसला होता, की उजेडाकडे धरूनही पलीकडचं दिसेना. "ही जाळी महिन्याला काढून ब्रशने धुतली तर निम्मे कॉल येणार नाहीत आम्हाला," असं सांगून त्यांनी ती लिंबाच्या पाण्यात टाकली. पाणी भरायला वेळ का लागत होता, ते इथेच कळलं. गळती कशाने, ते अजून कळायचं होतं.

मग मशीनच्या वरच्या भागाचं पाठीमागचं झाकण निघालं. व्हॉल्व्ह दोन स्क्रूंवर बसलेला, त्यातून निघालेली रबरी नळी पावडरच्या कप्प्याकडे गेलेली आणि कॉईलला दोन वायरी. वायरी काढण्याआधी त्यांनी मोबाईलवर फोटो काढायला लावला. आमच्या मशीनला एकच व्हॉल्व्ह होता. काही मशीनना दोन-तीन एकत्र जोडलेले असतात, एक धुण्याच्या पावडरसाठी, एक कंडिशनरच्या कप्प्यासाठी, एखादा गरम पाण्यासाठी. तिथे वायरींची अदलाबदल झाली तर पाणी भलत्याच कप्प्यात उतरतं. मग मीटर लावून कॉईल तपासली. अशा कॉईलचा रोध साधारण ३ ते ५ हजार ओहम भरतो. आकडा काहीच आला नाही तर कॉईल तुटलेली, फारच कमी आला तर जळून आतल्या आत जोडली गेलेली. आमचा आकडा चार हजारांच्या आसपास, म्हणजे कॉईल शाबूत होती. विजेची बाजू निर्दोष निघाली.

जुना व्हॉल्व्ह तसाही बदलायचाच होता, म्हणून अण्णांनी तो उघडून दाखवला. कॉईलखाली स्प्रिंग, स्प्रिंगखाली लोखंडी दट्ट्या, त्याच्या टोकाला रबर आणि त्याखाली जाड रबरी पडदा. पडद्याला दोन छिद्रं होती, एक बरोबर मध्यभागी आणि दुसरं कडेला, सुईच्या टोकाएवढं. या दोन छिद्रांवर सगळं यंत्र चालतं. पाणी कडेच्या बारीक छिद्रातून पडद्याच्या वर जातं आणि तिथे साठून पडद्याला वरून दाबून धरतं. खालच्या बाजूला मधला भाग बाहेर जाणाऱ्या वाटेवर टेकलेला असतो, त्यामुळे खालून पाण्याचा रेटा कमी जागेवर पडतो आणि वरचा भारी ठरतो. व्हॉल्व्ह मिटलेला राहतो. कॉईलमध्ये वीज आली की दट्ट्या वर ओढला जातो, मधलं छिद्र मोकळं होतं आणि वर साठलेलं पाणी त्यातून निघून जातं. कडेच्या छिद्रातून तितक्या वेगाने ते परत भरत नाही. वरचा दाब ओसरतो, खालचं पाणी पडदा उचलतं आणि मशीनमध्ये धार सुरू होते. वीज गेली की स्प्रिंग दट्ट्याला पुन्हा मधल्या छिद्रावर बसवते, वर पाणी साठतं आणि पडदा मिटतो.

इथे पाण्याला अडवतं ते पाणीच. वीज फक्त एक छोटं छिद्र उघडते. पडदा घट्ट मिटायचा तर त्याच्यावर पाण्याचा पुरेसा भार हवा आणि कडेचं छिद्र मोकळं हवं. आमच्या पडद्यावरचं कडेचं छिद्र क्षाराने जवळजवळ बुजलेलं होतं आणि पडदा टेकतो त्या कडेवर वाळूचा एक कण रुतून रबरावर खाच पडली होती. गळतीचं कारण डोळ्यांसमोर होतं. मधलं छिद्र बुजलं असतं तर उलटं झालं असतं, कॉईल घुरघुरली असती आणि पाणी आलंच नसतं.

हा क्षार आणि ही वाळू कुठून येते, हे सोलापूरकराला सांगायला नको. शहराला पाणी येतं ते मुख्यतः भीमेवरच्या उजनी धरणातून. काही सुमारे ११० किलोमीटरच्या जलवाहिनीतून, काही नदीत सोडून औज बंधाऱ्याशी अडवून टाकळीहून उपसलेलं. थोडा भाग हिप्परग्याच्या एकरुख तलावाचाही आहे. पाणी शुद्ध होऊन निघतं खरं, पण गल्लीतल्या नळात ते रोज वाहत नाही. मधल्या दिवसांत नळ रिकामे होतात, त्यांत हवा शिरते, गाळ खाली बसतो आणि पाणी सुटल्यावर पहिला लोंढा हे सगळं घेऊन येतो. तो हौदात जातो, तिथून टाकीत आणि टाकीच्या तळातून मशीनकडे. पाणी पुरेनासं झालं की बोअर किंवा टँकर असतोच. बेसॉल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत कठीणपणा चालतो आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, टॉवेल वाळल्यावर खरखरीत होतात आणि टॉवेलाच्या गावात ते चटकन जाणवतं. तोच क्षार व्हॉल्व्हच्या छिद्रात जाऊन बसतो.

नवा व्हॉल्व्ह पाचशेच्या आत मिळाला. दुकानात जाताना अण्णांनी जुना बरोबर नेला, कारण तोंडाची दिशा, बसवायच्या स्क्रूंची जागा आणि कॉईलचे व्होल्ट जुळायला हवेत. बसवताना त्यांनी पाईपच्या तोंडातला रबरी वायसर नवा घातला आणि चुडी हातानेच आवळली. टेफ्लॉनची टेप लावू का, असं विचारल्यावर मान हलवून नको म्हणाले. इथे पाणी चुडी अडवत नाही, वायसर अडवतो, आणि पान्ह्याने जास्त आवळलं तर प्लास्टिकची चुडी तडकते. मग प्लग न लावता कॉक उघडून बराच वेळ वाट पाहिली. थेंब नाही, हे बघूनच झाकण बसवलं.

जाता जाता त्यांनी गच्चीकडे बघून विचारलं, "टाकी मशीनच्या किती वर हाय?" मशीन पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत आणि टाकी वरच्याच स्लॅबवर. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ बार असतो. आमची उंची जेमतेम अडीच मीटर, म्हणजे पाव बार, आणि टाकी अर्धी झाली की त्याहून कमी. बऱ्याच मशीनच्या माहितीपुस्तकांत किमान दाब ०.३ बार किंवा त्याहून जास्त मागितलेला असतो. दाब त्याखाली गेला की पाणी सावकाश येतं आणि पडदाही नीट मिटत नाही. नवा व्हॉल्व्हही अशा दाबाखाली अर्धवट काम करणार. त्यावर उपाय दोन, छोटा प्रेशर पंप किंवा मशीन खाली आणणं. आम्ही मशीन तळमजल्यावर मोरीशेजारी आणलं. एका मजल्याचे तीन मीटर वाढले आणि ड्रम पूर्वीपेक्षा लवकर भरू लागला.

या कामातून एक गोष्ट मनात पक्की झाली. शहराला रोज, पुरेशा दाबाने पाणी मिळावं ही मागणी फक्त हंडा भरण्यापुरती नाही. चार-पाच दिवसांआडच्या पाण्याची किंमत आपण हौद, मोटर, टँकर आणि असे बुजलेले व्हॉल्व्ह यांच्या रूपाने घरोघरी भरत असतो आणि पाणीपट्टीच्या पावतीवर ती कुठेही दिसत नाही. ती व्यवस्था सुधारेपर्यंत आपल्या हातात जे आहे ते नेमाने करायला हवं. दर महिन्याला प्लग काढून, कॉक बंद करून जाळी धुवावी. टाकी वर्षातून एकदा तरी तळापर्यंत घासून घ्यावी. टाकीतून मशीनकडे जाणारा पाईप तळाच्या थोडा वरून काढावा, म्हणजे गाळ खालीच राहतो. आणि व्हॉल्व्ह बदलायची वेळ आलीच, तर दुकानात जाण्याआधी गच्चीवर जाऊन टाकीची उंची मोजावी. यातलं काही राहून गेलं तर नवा भागही जुन्याच वाटेने जाईल, आणि दोष मात्र मशीनला लागेल.