क्रेनला घाई चालत नाही

लडाखमधल्या द्रासला हिवाळ्यात पारा उणे 20 अंशांखाली गेला, तर ती बातमी होत नाही. अशा ठिकाणी सकाळी क्रेन सुरू करायची तर पहिली झटापट डिझेलशी. थंडीत त्यातलं मेण गोठतं, फिल्टर तुंबतो आणि इंजिन घरघरून गप्प बसतं. पूर्वी लोक डिझेलमध्ये रॉकेल मिसळून वेळ निभावून नेत. 2019 मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं.

दुसरं दुखणं बॅटरीचं. उणे 18 अंशांना तिची ताकद जवळपास निम्मी होते आणि नेमकं तेव्हाच घट्ट ऑइलमुळे स्टार्टरला जास्त जोर लागतो. सेल्फवर सेल्फ मारत राहिलं की तोही तापतो. मग कुणीतरी ईथरचा फवारा काढतो. हीटर प्लगच्या इंजिनात हा उद्योग म्हणजे स्फोटाला आमंत्रणच.

इंजिन लागलं तरी काम लगेच सुरू होत नाही. हायड्रॉलिक तेल अजून काकवीसारखं असतं. पंपाला ते नीट ओढता येत नाही, तेलात पोकळ्या होतात आणि पंप आतून खरवडला जातो. म्हणून जाणता ऑपरेटर इंजिन कमी गतीवर ठेवून थांबतो, मग रिकामा हुक सावकाश वर-खाली करतो, बूम थोडी उचलतो, दोन्ही बाजूंना हळूहळू फिरवतो. साइटवरच्या मुकादमाला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो.

त्यानंतरही एक धोका उरतो. रात्रभर पडलेला गर्डर बर्फाने जमिनीला चिकटलेला असतो. तो सोडवून न घेता उचलला, तर क्रेनवर त्याच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो आणि सुटताना जबर हिसका बसतो.